व्याख्यानमालेची तिसरी चूल

आमच्या सडाबोरची व्याख्यानमाला मी चालवतो, अशी माझी काही वर्षं ठाम समजूत होती. कागदावर तसं होतंही. 'ज्ञानदीप व्याख्यानमाला, सडाबोर, जिल्हा सातारा' या पत्रिकेच्या तळाशी 'चिटणीस : आ. बा. पाटील, बी.ए., बी.एड.' असं छापलेलं असे, आणि हे नाव बाकी मजकुरापेक्षा जरा ठळक असावं, असं मी कराडच्या छापखान्यात दरवर्षी आठवणीनं सांगत असे.

मी आदगोंडा पाटील, मूळचा आष्ट्याचा. घर जैनाचं, शेती मोठी, ऊस, हळद, गोठाभर म्हशी. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे शेतात माझा काही उपयोग नाही हे सगळ्यांना फार लवकर कळलं. सडाबोरच्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा आईनं विचारलं, तिथं माणसं राहतात का? राहत होती. डोंगराच्या माथ्यावर पसरलेला काळ्या खडकाचा सडा, त्यावर शंभरेक घरं, नाचणी आणि वरीची खाचरं, निम्मे बाप्ये फौजेत. घाट चढून एसटी येई, तीही तिच्या मर्जीनं. अशा गावाला ज्ञानाची गरज आहे आणि ते माझ्यापाशी आहे, हे मला एसटीच्या पायरीवरूनच दिसलं.

व्याख्यानमाला मात्र माझ्या आधीची होती. ती सुरू केली सुभेदार लालासाहेबांनी. फौजेत असताना कुठल्याशा छावणीच्या गावात त्यांनी एक व्याख्यान ऐकलं होतं. विषय काय होता ते त्यांना आठवत नव्हतं, पण एवढी माणसं एका जागी भांडण न करता बसलेली त्यांना फार आवडली होती. म्हणून माघातली जत्रा झाली की मांडव आणखी पाच दिवस ठेवायचा आणि रोज रात्री एक वक्ता आणायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिल्याच वर्षी अडचण आली ती अध्यक्षाची. खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. तेव्हा सुभेदारांनी देवळातल्या दिवाबत्तीसारखी इथंही बारी लावून दिली. घरांच्या ओळीनं, एका रात्रीला एक चूल. त्या चुलीवर वक्त्यानं जेवायचं आणि त्या घरच्या कर्त्यानं अध्यक्ष व्हायचं. ज्याच्या चुलीवर पाहुणा जेवला, त्याची बारी झाली. खुर्ची हा त्यातला किरकोळ भाग होता.

मला ही पद्धत अडाणीपणाची वाटे. पुण्या-सांगलीचे विद्वान यावेत आणि अध्यक्षस्थानी केवळ ओळीनं घर आलं म्हणून कुणीतरी बसावं, हे पत्रिकेत छापतानासुद्धा मला लाजल्यासारखं होई. एका वर्षी सांगलीहून आलेल्या एका प्राध्यापकांनी 'आजच्या माणसाचं एकाकीपण' या विषयावर दीड तास घाम गाळला. अध्यक्ष होता धुळा, त्याची बारी होती. समारोपाला उठून तो म्हणाला, "पाव्हण्यांनी मघापास्नं एवढं दुःख सांगितलं, पर त्यांच्या घरचं समदं बरं हाय का, ह्ये कुणी इचारलंच न्हाई." आणि त्यानं खरंच विचारलं. प्राध्यापक गडबडले, मग म्हणाले की पत्नी माहेरी गेली आहे. सभा हळहळली. मी मांडवाच्या खांबामागे तोंड लपवून उभा होतो.

माझ्या या व्याख्यानमालेची सगळ्यात निष्ठावान श्रोती म्हणजे हरणाबाई. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं रुंद बाई. एकही व्याख्यान चुकवायची नाही. पुढच्या खांबाला टेकून बसायची, 'सन्माननीय अध्यक्ष' हे शब्द ऐकायची आणि झोपायची. टाळ्यांनी जागी झाली की स्वतःही टाळ्या वाजवायची. तिच्या डोळे मिटण्याला मी चिंतन समजत असे.

तिचा नवरा नाथाजी फौजेत होता. रजेवर आलेला असताना तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर सयाजी याच्या घरात ती राहत होती, आणि दोन वर्षांपूर्वी दुधावरून काहीतरी बोलाचाली होऊन तवा, काठवट आणि एक घागर उचलून ती गोठ्यालगतच्या खोलीत गेली. तिथं तिनं आपली चूल मांडली. सयाजीनं गावात सांगितलं की चूल काही वेगळी झालेली नाही, वहिनी रुसली आहे. हा रुसवा दोन वर्षं टिकला. सयाजीला तो रुसवाच ठेवायचा होता, कारण झऱ्याखालचा जो तुकडा नाथाजीच्या वाट्याचा, तो तोच नांगरत होता आणि तोच पिकवत होता. गावानं हरणाबाईची चूल वेगळी मोजली असती, तर जमीनही वेगळी मोजावी लागली असती. तलाठ्याकडं काय लिहिलं आहे ते आमच्या सड्यावर कुणी विचारत नसे. कुणाची किती घरं, ते देवळाच्या आणि मांडवाच्या बारीवरून ठरे. तेव्हा हरणाबाईला काय हवं होतं, तर एका रात्रीची बारी. ती मिळाली की तिची चूल गावाची चूल होणार होती, आणि हुकली की ती जन्मभर दिराच्या घरातली रुसलेली बाई राहणार होती.

हे सडाबोरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी व्याख्यानमाला चालवण्यात गुंतलो होतो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. बारी फिरत फिरत सयाजीच्या आळीला आली होती. दुसरी रात्र सयाजीची होती. मधल्या सुट्टीत हरणाबाई शाळेत आली, दाराबाहेर चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली की दुसरी रात्र भावजींची, तर तिसरी माझी. पत्रिकेत तसं घाला.

माझ्या अंगावर काटा आला. सडाबोरच्या इतिहासात एक स्त्री अध्यक्ष होऊ मागते आहे! तीन वर्षांपूर्वी मी स्वतः 'स्त्रीशक्तीचा उदय' या विषयावर बोललो होतो आणि त्या व्याख्यानभर हरणाबाई खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. बी रुजलं होतं तर! मी तिला बसायला खुर्ची दिली. ती खालीच बसली. तिच्यासाठी मी त्याच दिवशी अध्यक्षीय भाषण लिहून काढलं, त्यात पुराणकाळापासून आजपर्यंतच्या थोर स्त्रियांची नावं घातली, आणि तिला वाचता येत नसल्यामुळे घरी जाऊन तीनदा वाचून दाखवलं. तिनं ते ऐकून घेतलं, कागद भाकरीच्या टोपलीखाली ठेवला आणि पाहुणा काय जेवतो ते विचारलं.

पाहुणा होता प्राध्यापक धन्यकुमार, माझा मावसभाऊ. सांगलीला विश्रामबागेत राहायचा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि व्याख्यान देणार होता सूर्यमालेवर. विज्ञानात मोठा, पण धर्मानं माझ्यापेक्षा कडक. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखाली पिकलेलं काही नाही, पाणी गाळलेलं, आणि सूर्य मावळल्यावर तोंडात काहीही नाही. हे सगळं हरणाबाईनं बोटांवर मोजून घेतलं. मग म्हणाली, "एवढं पाळून वर शिकवाय जात्यात? बरं."

पत्रिका छापून आली आणि गावात कुजबुज सुरू झाली. सयाजीनं सुभेदारांकडं तक्रार नेली. देवळापुढं बैठक बसली. मला वाटलं, हीच ती घडी. मी उभा राहिलो आणि स्त्रीनं अध्यक्ष का होऊ नये यावर अर्धा तास बोललो. रूढी, परंपरा, अंधार, पहाट, सगळं वापरलं. मंडळी माझ्याकडं जरा काळजीनं बघत होती, कारण बाईनं खुर्चीवर बसायला त्यातल्या एकाचीही हरकत नव्हती. बाई बसते की बुवा बसतो, कुणाला पडली होती! प्रश्न होता चूल एक की दोन, आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या ज्योतिबानं. ओळीत पुढचं घर त्याचं होतं. हरणाबाईची चूल मोजली नाही तर तिसऱ्या रात्री आपल्याला खुर्चीवर बसावं लागणार, या धास्तीत तो दोन दिवसांपासून होता. मी त्याला पुरोगामी समजून मिठी मारली.

सयाजी मात्र हुशार माणूस. त्यानं माझं भाषण नीट ऐकलं आणि मला काय कळलेलं नाही तेही त्याला नीट कळलं. तो सुभेदारांना म्हणाला की दोन्ही रात्री आमच्याच घरच्या धरा. गुरुजींची एवढी इच्छा आहे तर तिसऱ्या रात्री वहिनींना खुर्चीवर बसवू, घराचा मानच होईल. पाहुण्याचं जेवण तेवढं माझ्याकडं, एकट्या बाईला उगाच त्रास कशाला. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "मास्तर, पाव्हणा तुमचा. त्यो जितं जेवंल तितली बारी. तुमाला पटतंय का?"

मला पटलं. नुसतं पटलं नाही, तर मी सयाजीचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं आणि असे दीर घरोघरी निपजोत, असंही म्हणालो. ज्योतिबा आनंदानं पानाचा डबा काढायला लागला, कारण कसंही झालं तरी त्याची बारी एका रात्रीनं पुढं गेली होती.

ही विजयाची बातमी सांगायला मी हरणाबाईकडं गेलो. ती दारात बसून वरी पाखडत होती. मी म्हटलं की तत्त्व जिंकलं, खुर्ची तुमची, जेवणाचा व्याप मात्र तुमच्यामागचा काढला. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही भारावून रडणार. ती रडलीही, पण माझ्या कल्पनेप्रमाणे नाही.

"गुर्जी, खुर्चीवर बसून मला काय करायचं हाय?" ती म्हणाली. "बूड टेकाय मला माझा उंबरा हाय. पाव्हणा माज्या चुलीवर जेवला पायजे. त्यो भावजींच्यात जेवला तर माझी चूल तुमी तुमच्या हातानं इझवली. मग झऱ्याखालचा तुकडा मी कुटल्या तोंडानं मागू?"

मी विचारलं, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही? ती म्हणाली, "सांगत हुते की. तुमी कागद लिवत हुता."

त्यानंतर तिनं मला हळूहळू सगळं सांगितलं, शाळेत ढ पोराला सांगावं तसं. मी ऐकत गेलो आणि मला माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणातलं एकेक वाक्य आठवत गेलं. माझी मलाच इतकी शरम वाटली की पाणी मागायचंही सुचलं नाही. तिथून मी सुभेदारांकडं गेलो आणि माझा होकार परत घेतो म्हणालो. ते म्हणाले की चार माणसांत दिलेला शब्द चिटणिसाला असा परत घेता येत नाही. मग एवढंच बोलले की मी काय ते सांगितलेलं आहे, पाहुणा तुमचा, आणि तो जिथं जेवेल तिथली बारी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी वेळेवर आली नाही. घाटात चाक पंक्चर झालं होतं. स्टँडच्या वडाखाली मी उभा, पलीकडं सयाजी इस्त्रीच्या टोपीत, हातात हार, आणि आमच्यामध्ये निम्मं गाव. हे सगळे सूर्यमालेसाठी जमलेले नव्हते, एवढं तोवर मलाही कळू लागलं होतं. उन्हं पिवळी पडली तशी एसटी धापा टाकत वर आली. धन्यकुमार उतरला. सयाजीनं हार घातला आणि घराकडं चलायची विनंती केली. धन्यकुमारनं हात जोडले आणि फार शांतपणे सांगितलं की क्षमा करा, घाटातच सूर्य डोंगराआड गेला, आता मला काही घेता येणार नाही.

सयाजीचा चेहरा उजळला. त्याला हे जेवणापेक्षाही बरं होतं. पाहुणा कुठंच जेवला नाही, तर दोन्ही रात्री त्याच्या घरच्या असं जे ठरलं होतं, ते तसंच राहणार होतं. गर्दीतून कुणीतरी हळूच माझं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच गावाला माझ्याकडून काही हवं होतं, आणि माझ्या डोक्यात एकही सुविचार येईना. मी नुसता धन्यकुमारचा दंड धरला आणि त्याचं तोंड पश्चिमेकडं वळवलं. सड्याच्या कडेला, दरीच्या पलीकडं, सूर्य चांगला हातभर वर होता.

धन्यकुमार चकित झाला. मी म्हटलं, "दादा, तुझा सूर्य मावळला, आमचा नाही. तू आता आमच्या गावात आहेस." तो म्हणाला की मी नियम घेतलेला आहे, त्यात पळवाट काढणं बरोबर नाही. मी विचारलं, नियम सूर्याचा आहे की घाटाचा? यावर तो विचारात पडला. धर्म त्याला मागं ओढत होता, पण समोर दिसणारी गोष्ट नाही म्हणणं त्याच्या विज्ञानात बसत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "इथं अजून दिवस आहे, हे मान्य करावंच लागेल."

मी सुटकेचा श्वास टाकला, तो फार लवकर टाकला. कारण उंचावर सूर्य उशिरा का मावळतो, हे त्यानं तिथंच वडाखाली लोकांना समजावून सांगायला सुरुवात केली. टोपी काढून तिची पृथ्वी केली, ज्योतिबाला डोंगर केलं. माणसं जीव मुठीत धरून ऐकत होती. इतक्या कळकळीनं आमच्या गावानं एकाही व्याख्यानाकडं लक्ष दिलेलं मला आठवत नाही, पण प्रत्येकाची नजर सूर्यावर होती. सूर्य खाली चालला होता आणि धन्यकुमार क्षितिजाची व्याख्या करत होता. शेवटी मी त्याची पिशवी उचलली आणि हरणाबाईच्या घराकडं चालायला लागलो. पिशवीत त्याचं धोतर आणि पंचांग होतं, त्यामुळे त्याला मागोमाग यावंच लागलं. सयाजी आडवा आला. म्हणाला की गुरुजी, शब्द दिला होता. मी म्हटलं, "दिला होता, सयाजीराव. चुकीचा दिला होता. रात्री मांडवात माझी लाज काढा, मी खाली बसून ऐकतो." आणि बाजूनं निघून गेलो.

हरणाबाईनं दार सताड उघडं ठेवलं होतं. अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून तांब्यात भरलेलं. नाचणीची भाकरी, लसणाविना उडदाचं घुटं, वरीचा भात, दूध, तूप. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली. सुभेदार अंगणात येऊन बसले, मागोमाग बाकीचे. आमच्याकडं पाहुणा जेवताना माणसं बघत बसतातच, पण त्या दिवशी ती घास मोजल्यासारखी बघत होती. धन्यकुमारनं पहिला घास घेतला तेव्हा अंगणातून एक सुस्कारा उमटला. त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली. त्याला वाटलं, इथली माणसं फारच प्रेमळ आहेत. तो हात धुऊन उठला तेव्हा उजेड होता, पण फार नव्हता.

रात्री मांडव भरला. हरणाबाई खुर्चीवर बसली, पाय जमिनीला घट्ट टेकून. धन्यकुमारचं व्याख्यान उत्तम झालं असावं. मी ऐकलं नाही. मी सयाजीकडं बघत होतो आणि तो मांडवाबाहेर, उजेडाच्या कडेला उभा होता. हरणाबाई मात्र त्या रात्री झोपली नाही. ग्रह, उपग्रह, धूमकेतू, सगळं तिनं डोळे उघडे ठेवून अंगावर घेतलं.

समारोपासाठी तिचं नाव पुकारलं. मी लिहून दिलेलं भाषण तिच्या हातात नव्हतं. ते टोपलीखालीच राहिलं होतं आणि त्याबद्दल मी आजही त्या टोपलीचे आभार मानतो. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि बोलली.

"पाव्हणं माज्या चुलीवर जेवलं. दोन भाकरी खाल्ल्या. तुमी समद्यांनी बघितलं. कुणाचं काय म्हणणं असंल तर आत्ता म्हणा, मी उभी हाय."

माणसांनी मागं वळून सयाजीकडं पाहिलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि दोन पावलं उजेडात आला. मला वाटलं, आता हा माझ्या शब्दाचं काढणार. मी मान खाली घातली. तो मोठ्यानं बोललाच नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"वयनी, झऱ्याखालची नांगरट कवा करायची? बैल कवा पायजेत, त्ये सांगा."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चिटणिसानं रडू नये म्हणून मी उगीचच पेट्रोमॅक्सला पंप मारायला गेलो आणि तो विझवून बसलो. अंधारातून अध्यक्षांचा आवाज आला.

"बुधवारी द्या," हरणाबाई म्हणाली. "आता सभा सपली. समद्यांनी घरला जावा."